बाळाचं वजन तीन किलो, बादलीचं वीस: बाळंतपणानंतर उचलताना आणि वाहताना

बाळंतपणानंतर कंबर धरली की दोष हमखास दोघांवर जातो. एक, सिझरच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन. दुसरं, सारखं अंगावर असणारं बाळ. इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहू शकतो. पण महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या कंबरदुखीचा विचार केला तर कळा सोसताना असं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत फरक आढळलेला नाही. आणि बाळ तर बहुतेक वेळा अडीच ते साडेतीन किलोचं. मग दुखतं कशानं?

दुखतं ते अंतरानं. बाळ पोटाशी धरलं की ते मणक्यापासून साधारण २० सेंटिमीटरवर असतं. पलंगाच्या पलीकडच्या कडेला झोपलेल्या बाळाला हात लांब करून उचलताना हेच अंतर ६० सेंटिमीटर होतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. त्यामुळे ३ किलोचं बाळ जवळ असताना त्यांना १२ किलोचा जोर लावावा लागतो, लांब असताना ३६ किलोचा. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन त्यात धरलेलं नाही, ते वेगळंच. आता मोजा: दिवसातून ८ ते १२ वेळा दूध पाजणं, तितक्याच वेळा लंगोट बदलणं, आणि दर वेळी एकदा उचलणं, एकदा ठेवणं. चाळीसएक वेळा सहज होतात. चूक छोटीच असते, पण ती दिवसाला चाळीस वेळा होते.

बाळाखेरीज घरात उचलायच्या वस्तू असतातच. न्हाणीघरातली मोठी बादली भरली की १८-२० किलो. पिण्याच्या पाण्याचा मोठा जार २० लिटरचा, म्हणजे २० किलोच्या वर. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास, कारण आत १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड. थोरलं भावंड दोन वर्षांचं असेल तर तेही ११-१२ किलोचं, आणि त्याला नेमकं याच दिवसांत कडेवर यायचं असतं.

शरीर कुठे कच्चं असतं

गरोदरपणात सांधे सैल करणारी संप्रेरकं प्रसूतीबरोबर एका दिवसात ओसरत नाहीत. कटीचे सांधे आणि मनगटं पुढचे काही महिने थोडी ढिली राहतात. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, तो ओटीपोटाचा तळही ताणलेला असतो, नॉर्मल डिलिव्हरीत जास्तच. सिझर झालं असेल तर वरची त्वचा दहा-बारा दिवसांत मिटते आणि तिथेच फसगत होते. आतलं पोटाचं जाड पटल सहा आठवड्यांनंतरही मूळ ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच असतं. टाके सुकले म्हणजे पोट जुळलं असं नव्हे.

सव्वा महिना बाळंतिणीनं वजन उचलायचं नाही, ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची शिस्त या हिशेबाला बरीच जुळते. तिचा हा भाग नक्की पाळावा. सव्वा महिना पडून राहायचं, हा भाग सोडून द्यावा. पडून राहिल्यानं पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचं असतं. सुती कापडानं पोट बांधल्यानं सुरुवातीला आधार वाटतो, तेवढ्यापुरतं ते चांगलं. पण श्वास वरवर चालेल इतकं आवळलं तर दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. कापडाखाली हाताची चार बोटं सहज शिरली पाहिजेत.

पहिले सहा आठवडे बाळ आणि त्याची दुपटी यांपेक्षा जड काही उचलू नये. म्हणजे ढोबळमानानं ४-५ किलो. त्यानंतर दर आठवड्याला किलो-दोन किलो वाढवत जावं. वाढवलेलं वजन झेपलं नाही हे शरीर लगेच सांगतं: फिकट झालेला रक्तस्राव पुन्हा लालभडक होतो, थेंबभर लघवी सुटते, योनीत काहीतरी खाली सरकल्यासारखं जड वाटतं किंवा उचलताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा येतो. यातलं काहीही दिसलं तर एक पायरी मागे यायचं.

पलंगावरून उठणं

सिझरनंतर सगळ्यात जास्त ताण याच एका हालचालीत येतो. उताणं झोपून सरळ उठून बसायचं नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकदमच, लाकडाचा ओंडका वळावा तशी कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरानं व वरच्या हाताच्या तळव्यानं गादी दाबत धड उभं करा. जोर लावताना तोंडानं श्वास सोडा. झोपताना हेच उलट क्रमानं. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं तर घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दाबून धरा. आणि हे करताना हातात बाळ नको. पहिले काही दिवस बाळ दुसऱ्यानं आणून द्यावं, रात्रीसुद्धा. बाबांनी निवांत झोपायचे दिवस हे नव्हेत.

बाळ उचलणं

कुठूनही उचलायचं असो, आधी पायांनी जवळ जायचं, मग हात लावायचे. पलंगावर बाळ पलीकडे असेल तर एक गुडघा गादीवर टेकवून जवळ सरका, किंवा बाळाखालचं दुपटं अलगद ओढून त्याला कडेला आणा. गुडघे आणि खुबे वाकवा, पाठ सरळ ठेवा. एक पंजा मानेखाली आणि खांद्यांखाली, दुसरा ढुंगणाखाली. आता बाळाला उचलण्याआधी छातीशी घ्या आणि मग पायांच्या जोरावर उभं राहा. उभं राहताना श्वास सोडायचा आणि ओटीपोटाचा तळ हलकेच आत ओढायचा. श्वास कोंडून उचललं की पोटातला दाब वाढतो आणि तो टाक्यांवर आणि तळावर येऊन बसतो. वळायचं असेल तर कंबरेत पीळ न देता पावलं टाकून वळा. उसण भरते ती बहुतेक वेळा नुसत्या वजनानं नाही, वाकून वळल्यानं.

साडीची झोळी किंवा पाळणा असेल तर तिथे उभ्यानं वाकू नका. शेजारी स्टूल ठेवून बसा, बाळ मांडीवर घ्या, मग उठा. उंच कठड्याच्या पाळण्याला सरकणारी बाजू असेल तर ती आधी खाली करा. कठड्यावरून हात घालून उचलणं म्हणजे वरचा ६० सेंटिमीटरचा हिशेब.

मुंबईतल्या बऱ्याच घरांत गादी जमिनीवरच असते. वन रूम किचनमध्ये दुसरा मार्ग नसतो. सिझर झालेलीनं पहिले काही आठवडे तरी पलंग किंवा दिवाण मिळवावा, आणि जमिनीवर झोपायचंच असेल तर दोन गाद्या एकावर एक घालाव्यात. जमिनीवरून बाळासकट उठायचा क्रम असा:

१. बाळाशेजारी गुडघ्यांवर बसा, टाचांवर ढुंगण टेकवा आणि बाळ छातीशी घ्या.
२. गुडघ्यांवर उभं राहा.
३. एक पाऊल पुढे टाका, तळवा पूर्ण जमिनीवर. दोन्ही पायांत जास्त बळ असलेला पाय पुढे.
४. बाळ एका हातात छातीशी दाबून मोकळ्या हातानं पलंगाची कड, जड खुर्ची किंवा खिडकीचा कट्टा धरा. पुढचं पाऊल दाबत, श्वास सोडत उठा.

धरायला काही नसेल किंवा गुडघे साथ देत नसतील तर बाळ आधी दिवाणावर ठेवा, हात त्याच्यावरच राहू द्या, आणि मग स्वतः उठा. मांडी घातलेल्या अवस्थेतून बाळ घेऊन सरळ उठणं तरुणपणी जमतं म्हणून या दिवसांत करून पाहू नये.

अंगठ्याकडचं मनगट

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येऊ लागते. अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे झुकवली की ती लख्खकन उठते. अंगठा उचलणाऱ्या स्नायूंच्या दोरीसारख्या टोकांभोवती जे आवरण असतं, त्याला आलेली ही सूज आहे. कारण ठरलेलं: अंगठे ताणून, बाळाच्या काखांत इंग्रजी एल अक्षरासारखे हात घालून उचलणं. त्यात सुती लंगोट आणि दुपटी हातानं पिळणं, आणि पाजताना दुसऱ्या हातात मोबाइल धरून अंगठ्यानं पडदा सरकवत राहणं याची भर पडते. उपाय फार नाहीत, पण कामाचे आहेत. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटून ठेवा, मनगट सरळ, वजन पंज्याऐवजी कोपरापासूनच्या हातावर घ्या. लंगोट पिळायचं काम मशीनला किंवा बाबांना द्या. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. अंगठ्याला आधार देणारा पट्टा लवकर वापरला तर बरेचदा तेवढ्यावर भागतं, दुखणं जुनं झाल्यावर जास्त वेळ जातो.

पाजताना

पाजणं म्हणजे उचलणं नव्हे, पण दिवसाचे चार-पाच तास बाळ हातावर पेलणं आहे. बाळ छातीशी आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. पाठीला भिंत किंवा लोड, कोपराखाली उशी, बाळाखाली एवढ्या उशा की हात काढून घेतले तरी ते स्तनाच्या उंचीवर राहील. खुर्चीवर बसत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. टाके दुखत असतील तर बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन पाजा, पोटावर भार येत नाही.

आंघोळ

पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणं आपल्याकडे अजूनही चालतं, आणि न्हाऊ घालणारी बहुधा आजी किंवा मालीशवाली बाई असते. पाय लांब सोडून बसलं की मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले जातात, कंबर गोल होते, आणि त्याच अवस्थेत पावलांपाशी ठेवलेल्या बादलीपर्यंत हात जातो. म्हणून बसायला चार-सहा इंचांचा पाट घ्या, शक्य तर पाठ भिंतीला टेकवा आणि बादली मांडीच्या शेजारी ठेवा. मोठ्या मगाऐवजी अर्ध्या लिटरचा तांब्या. पाणी दुसऱ्यानं ओतलं तर फारच छान.

खरा अपघात आंघोळीनंतर होतो. फरशी ओली, बाळ तेलानं निसरडं, पायाला मुंग्या आलेल्या, आणि अशात बाळ घेऊन मोरीतून उठायचं. हे करायचंच नाही. बसल्या जागेवरून बाळ कोरड्या टॉवेलात दुसऱ्याच्या हाती द्यायचं, मग आपण उठायचं. घरात दुसरं कुणी नसेल तर त्या दिवशी अंग पुसून घेतलं तरी बाळाचं काही बिघडत नाही.

बाळंतीण स्वतः न्हाऊ घालणार असेल तर टब घ्या आणि तो स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. उभ्यानं, न वाकता काम होतं. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, म्हणून टब जागेवर ठेवून तांब्यानं भरायचा आणि तांब्यानंच रिकामा करायचा. भरलेला टब उचलायचा नाही, आणि एक हात बाळावरून काढायचा नाही. लंगोट बदलायला मात्र ओटा नको, त्यावरून घरात जे महाभारत होईल ते कमरेपेक्षा जड जाईल. पलंगासमोर जमिनीवर उशी टाकून गुडघ्यांवर बसा, उंची बरोबर येते.

पाणी, सिलिंडर आणि माळा

अनेक इमारतींत पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येतं, आणि पिंप भरायची घाई नेमकी बाळ रात्रभर जागवून झोपलेलं असताना होते. हे काम बाळंतिणीचं नाही. निदान तीन महिने तरी नाही. कळशी किंवा हंडा कमरेवर घेणं तर बिलकूल नको, कारण कटीचे सैल सांधे एका बाजूनं खेचले जातात. नळाला पाइप लावून थेट पिंपात पाणी सोडा. बादली हलवावीच लागली तर त्या वेळी झेपेल तेवढंच पाणी दोन बादल्यांत अर्धं अर्धं करून दोन हातांत घ्या. सिलिंडर उचलायचा नाहीच. बाबांनीही तो बुडाच्या कडेवर तिरका करून गोल फिरवत न्यावा.

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच करून ठेवता येईल असं एक काम: रोज लागणारं सगळं गुडघा ते खांदा या उंचीत आणून ठेवणं. मिक्सर ओट्याखालच्या कपाटातून वर, तांदळाचा मोठा डबा रिकामा करून दोन-दोन किलोचे डबे, माळ्यावरची डिंकाच्या लाडवांची कढई आधीच खाली. डोक्याच्या वरून उचलताना कंबर मागे कमान होते आणि पोटाचे फाकलेले स्नायू ताणले जातात. भरलेला पाच लिटरचा कुकरही चार-पाच किलोचा होतो. तो हात लांब करून मागच्या शेगडीवर ठेवू नका, पुढच्या शेगडीवर ठेवा.

थोरल्या लेकराला उभ्यानं उचलू नका. पलंगावर बसा, त्यालाच मांडीवर चढू द्या. त्याला जवळ घेणं हवं असतं, उंची नको असते.

जिना, रिक्षा, लोकल

लिफ्ट नसलेल्या इमारतीत नियम एकच: एका फेरीत एकच वस्तू. बाळ घेतलं की पिशवी नाही. एक हात कठड्यावर, गाऊनची किंवा साडीची कड वर खोचलेली, पायात मागे पट्टा असलेली चप्पल. चाळींचे लाकडी जिने उभे असतात. उतरताना पायरी दिसावी म्हणून बाळ समोर आडवं धरण्याऐवजी खांद्याशी उभं घ्या. पावसाळ्यात जिन्याची पहिली पायरी आणि दाराबाहेरची लादी कोरडी आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहा.

बाबागाडी आपल्या फुटपाथांवर फारशी चालत नाही, ती सोसायटीच्या आवारापुरती ठेवावी. बाहेर कामाला येतं ते पुढे बांधायचं कॅरिअर. पट्टे एवढे घट्ट की वाकलात तरी बाळ अंगापासून सुटणार नाही, आणि ते एवढं वर की मान खाली करून त्याच्या टाळूचा पापा घेता येईल. चेहरा सतत दिसायला हवा, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटांचं अंतर हवं, कारण हनुवटी छातीला टेकली की नवजात बाळाचा श्वास अडतो. गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. मान धरेपर्यंत तोंड आपल्याकडेच. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा. सिझर झालं असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांवर येतो का पाहा. येत असेल तर तो वर बांधा किंवा टाके दुखायचे थांबेपर्यंत बाळ बाबांच्या अंगावर. कॅरिअर लावून दुचाकी नको, स्वयंपाक नको. कडेवर घेणं बाळाची मान आणि पाठ सावरल्यावरच, साधारण सहाव्या महिन्यापासून, आणि कमरेची बाजू दर काही मिनिटांनी बदलत.

रिक्षाचं छत बुटकं असतं. बाळ घेऊन डोकं घालत शिरू नका. पाठमोरं होऊन आधी सीटवर बसा, मग पाय आत घ्या. सोबत कुणी असेल तर बसल्यावर बाळ घ्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठ सीटला टेकलेली आणि बाळ छातीशी. मांडीवर आडवं धरलेलं बाळ प्रत्येक धक्क्याला हातांनी पेलावं लागतं. स्वतःची गाडी असेल तर बाळाची कार सीट मागच्या सीटवर बांधा. बाळासकट ती सीट टोपलीसारखी कोपरात अडकवून चालू नका, ६-७ किलो एका बाजूला लोंबतात.

लोकल गर्दीच्या वेळी टाळा, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. जावंच लागलं तर बाळ पुढे कॅरिअरमध्ये, सामानाची पिशवी पाठीवर, दोन्ही हात रिकामे. फलाट आणि डब्याच्या मधल्या फटीवरून चढताना मधला खांब धरायला हात हवाच. धावती गाडी पकडायची नाही, पुढची येते. कुणी जागा दिली तर संकोच न करता बसा.

बाबांची आणि आजीची कंबर

बाबांचे सांधे सैल नसतात, सवय मात्र नसते. रात्री बाळाला घेऊन येरझारा घालताना पोट पुढे काढून, मागे रेलून चालण्याची खोड लागते. त्यानं कमरेचे मणके मागून दाबले जातात. बरगड्या कमरेच्या वर सरळ ठेवा आणि दर पाच मिनिटांनी खांदा बदला. आजीच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. हाडं ठिसूळ असतील तर वाकून वजन उचलताना मणका दबून मोडू शकतो. तिनं बसावं आणि बाळ तिच्या मांडीवर आणून द्यावं.

वाट न पाहता डॉक्टर

एकाच पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा; अचानक धाप किंवा छातीत कळ; तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं; ताप; टाक्यांतून पू किंवा टाके उसवणं; मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, पायात बळ नसणं, लघवी न होणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धाप, छातीतली कळ किंवा भरमसाट रक्तस्राव असेल तर थेट १०८ ला फोन करा.

अंग बाहेर आल्यासारखं वाटणं किंवा खोकताना लघवी सुटणं तातडीचं नसतं, पण 'बाळंतपणानंतर असंच असतं' म्हणून सोडूनही देऊ नये. सहा आठवड्यांच्या तपासणीला हे स्वतःहून सांगा. त्याच सुमारास पोटही पाहून घ्या: उताणं झोपून गुडघे वाकवा, बोटांची टोकं बेंबीच्या वर मधोमध टेकवा, डोकं किंचित उचला. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली किंवा मधे कण्यासारखा उंचवटा आला तर बादलीकडे आणि पोटाच्या उठाबशांकडे जायच्या आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.